जामठ्याचा सामना, धमकीचा मेल आणि गेटवरची रांग

प्रसंग असा. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियममध्ये दिवस-रात्र एकदिवसीय सामना आहे. पहिला चेंडू दुपारी १.३० ला पडणार. मैदानाची क्षमता सुमारे ४५,०००. तिकीट काढून येणारे ४०,००० धरले आहेत. सामन्याला पाच दिवस उरले असताना स्टेडियम उडवून देण्याच्या धमकीचा मेल येतो. तपासात तो खोडसाळ वाटतो, पण तसे सहीनिशी लिहून द्यायला कोणी पुढे येत नाही. बंदोबस्ताच्या बैठकीत सूचना येते की प्रत्येक प्रेक्षकाची दोनदा झडती घ्यावी, एकदा आवाराच्या फाटकावर आणि एकदा स्टँडच्या दारात. सूचनेला विरोध करणे अवघड असते. उद्या काही झाले तर ‘यांनीच नको म्हटले होते’ असे होईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते.

हा प्रसंग अभ्यासासाठी रचला आहे. लेनची संख्या, प्रेक्षक येण्याच्या वेळा आणि झडतीला लागणारे सेकंद ही नियोजनासाठी धरलेली माने आहेत. मैदान, शहर, रस्ता आणि पुढे येणारे दाखले मात्र खरे आहेत.

आमचे मत आधीच सांगतो. दुसरी झडती घेऊ नये. पहिलीही सगळ्यांसाठी सारखी ठेवू नये. वाचलेले मनुष्यबळ आदल्या रात्रीच्या तपासणीला, बाहेरच्या रस्त्याला आणि सामना सुटण्याच्या वेळेला द्यावे.

नागपूरने आधी काय पाहिले आहे

१ जून २००६ ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावर हल्ला करायला आलेले तीन दहशतवादी पोलिसांनी मुख्यालयाबाहेरच टिपले. त्यामुळे या शहराला धोका नाही असे कोणी म्हणू नये. पण मोठ्या जमावात माणसे दगावली त्या दोन घटना वेगळ्याच कारणांच्या आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. त्यात बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आणि स्मारक आजही सीताबर्डीत आहे. पुढच्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९९५ ला, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर भारत-न्यूझीलंड सामन्यात जेवणाच्या सुट्टीत भिंत कोसळली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. सामना पुढे चालू राहिला आणि नेथन अॅस्टलच्या ११४ धावा धावफलकावर नोंदल्या गेल्या. दोन्ही ठिकाणी बॉम्ब नव्हता. एकीकडे माणसांना पळायला वाट नव्हती, दुसरीकडे बांधकामाने दगा दिला.

देशात इतरत्रही तेच दिसते. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉलच्या सामन्यात १६ जण गेले. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण गेले, तेही गेटपाशी. म्हणून सुरक्षेचा आराखडा हाती आला की ‘पोलीस किती’ हे विचारण्याआधी ‘गेटबाहेर एका वेळी किती लोक उभे असतील’ हे विचारावे.

गणित

समजा आवारात झडतीच्या ३६ लेन उभ्या करता येतात. गेट सकाळी १०.३० ला उघडतात. १२ वाजेपर्यंत १४,००० लोक येतात आणि उरलेले २६,००० शेवटच्या दीड तासात. नागपूरच्या दुपारच्या सामन्याला हे प्रमाण वाजवी आहे. सकाळचे काम उरकून, जेवून निघणारा प्रेक्षक मोठा असतो आणि वर्धा रोडवर त्याची पहिली गाठ गाड्यांच्या रांगेशी पडते.

पूर्ण झडती म्हणजे मेटल डिटेक्टरची चौकट, हाताने चाचपणी आणि पिशवी उघडून पाहणे. याला माणशी ११ सेकंद धरा. एका लेनमधून तासाला ३३० माणसे जातात, ३६ लेनमधून ११,८८०. बारापर्यंतचे १४,००० त्यात आरामात मावतात, कारण दीड तासाची क्षमता १७,८२० आहे. पुढच्या दीड तासात मात्र २६,००० पैकी १७,८२० आत जातात आणि पहिला चेंडू पडतो तेव्हा ८,१८० लोक बाहेर असतात. ते आत यायला आणखी ४१ मिनिटे लागतात. म्हणजे मेल येण्याआधीची नेहमीची पद्धतही अपुरीच होती.

आता दुहेरी झडती. मनुष्यबळ तेवढेच आहे, म्हणून ते दोन ठिकाणी वाटले जाते. माणशी वेळ १९ सेकंदांवर जातो, लेनमागे ताशी १९० आणि एकूण ६,८४०. बारा वाजताच ३,७४० लोक तुंबलेले असतात. दीडला बाहेर १९,४८० लोक असतात, म्हणजे जवळजवळ निम्मे स्टेडियम. शेवटचा माणूस आत शिरतो तेव्हा सव्वाचार वाजून गेलेले असतात आणि पहिला डाव उताराला लागलेला असतो.

एवढे लोक कुठे उभे राहणार? चौरस मीटरला दोन माणसे, म्हणजे श्वास घेता येईल अशी रांग धरली, तर ९,७४० चौरस मीटर जागा हवी. हॉकीची जवळजवळ दोन मैदाने. तेवढी मोकळी जागा गेटसमोर नसेल तर लोक दाटतात. चौरस मीटरला चार-पाच माणसे झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. पुढे दार बंद आहे हे मागच्याला दिसत नाही आणि आतून ‘आऽऽउट’चा आवाज आला की मागचा रेटतोच.

१५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधील हिल्सबरो या फुटबॉलच्या मैदानावर हेच गणित चुकले होते. लेपिंग्ज लेन या रस्त्याच्या बाजूने उभ्याच्या जागेसाठी १०,१०० लोक येणार होते आणि त्यांना फिरती फाटके होती सात. ब्रिटनच्या ‘ग्रीन गाइड’ या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत एका फाटकाची कमाल मर्यादा ताशी ६६० माणसे आहे. त्या हिशेबाने सात फाटकांतून ताशी ४,६२० जातात, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ लागला असता. बाहेरचा दाब जीवघेणा झाल्यावर बाहेर पडण्याचे मोठे दार उघडले गेले. लोंढा आधीच भरलेल्या कप्प्यांत गेला आणि समोर जाळी होती. अखेरीस ९७ जणांचा जीव गेला.

दुहेरी झडतीचा आणखी एक तोटा कागदावर दिसत नाही. नाणेफेक झाली, बाहेर पंधरा-वीस हजार लोक ओरडताहेत, कठडे वाकताहेत, अशा वेळी गेटवरचा अधिकारी एकच करू शकतो: ‘सोडा, सोडा, आत सोडा.’ माणसांचे जीव वाचवायला तेव्हा तेच करावे लागते. म्हणजे दोनदा झडतीचा आराखडा ऐन गर्दीत शून्य झडतीवर येतो. वाईट हेतूने आलेल्याला थांबायचे असेल तर तो याच वीस मिनिटांसाठी थांबेल.

उपाय: दोन प्रकारच्या लेन

३६ पैकी २० लेन ‘बिनपिशवी’. मोबाइल, पाकीट, किल्ल्या एवढेच असलेला माणूस त्या ट्रेमध्ये ठेवून चौकटीतून जातो. चौकट वाजली तर झडती. न वाजली तरी दर दहाव्या माणसाची झडती. माणशी साडेसहा-सात सेकंद, लेनमागे ताशी ५४०. उरलेल्या १६ लेन पिशवीवाल्यांच्या, तिथे पूर्ण तपासणी आणि ताशी ३३०. एकूण १६,०८०. दीड तासात २४,१२० लोक आत जातात आणि पहिल्या चेंडूला बाहेर १,८८० उरतात. सात-आठ मिनिटांत तेही बसलेले असतात.

दहावा माणूस म्हणजे मोजून दहावा. चेहरा, दाढी, नाव, पेहराव पाहून निवड करायची नाही. तसे करणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही, कारण कोणाला अडवतात हे तासाभरात लोकांच्या लक्षात येते आणि ज्याला सुटायचे तो तसा वेश करून येतो.

या आराखड्याची नाजूक जागा पिशव्यांचे प्रमाण. पिशवीच्या लेनमधून दीड तासात ७,९२० माणसेच जातात, म्हणजे शेवटच्या लोंढ्याच्या ३० टक्के. पिशवी आणणारे त्याहून वाढले की सगळे बिघडते. म्हणून ‘पिशवी आणू नका’ हे तिकिटाच्या पहिल्या ओळीत, मराठी आणि हिंदीत छापायचे, मागच्या बाजूच्या बारीक टाइपात ढकलायचे नाही.

मेटल डिटेक्टरबद्दलही सांगायला हवे. आपल्याकडे चौकट बहुतेक ठिकाणी शोभेपुरती उरते, कारण ती प्रत्येकाला वाजते आणि मग कोणीच लक्ष देत नाही. खिशातला ऐवज ट्रेमध्ये न काढता लोक आत जातात, हे पहिले कारण. मॅटिंगखाली जमीन उंचसखल असते, पाऊल पडले की चौकट हलते आणि वाजते, हे दुसरे. दोन चौकटी चिकटून उभ्या केल्या की त्या एकमेकींत व्यत्यय आणतात, हे तिसरे. प्लायवूडचा समतल पाट, चौकटींमध्ये पुरेसे अंतर किंवा त्यांची आपसांत जुळवणी, आणि प्रत्येक सहा लेनमागे जनरेटरवरची वेगळी वीजजोडणी एवढे केले तर यंत्र उपयोगाचे ठरते. आदल्या संध्याकाळी खिशात चाचणीचा धातूचा तुकडा घेऊन एका माणसाने ३६ वेळा चालून पाहायचे.

बायकांची रांग

एकूण सरासरी बरोबर आली तरी आराखडा इथे फसतो. प्रेक्षकांत २८ टक्के महिला आणि मुली धरा. शेवटच्या दीड तासात त्या ७,२८० होतात. नेहमीच्या सवयीने ३६ पैकी सहा लेन महिलांना दिल्या आणि तिथे पूर्ण झडती ठेवली, तर दीड तासात २,९७० आत जातात आणि ४,३१० बाहेर राहतात. पुरुषांची रांग सरकत असते आणि सोबत आलेला नवरा, भाऊ, बाप आत जाऊन उभा राहतो. तो बायकोमुलींसाठी परत फिरतो, प्रवाहाच्या उलट. मुले हातातून सुटतात. धक्काबुक्कीचे बरेच प्रसंग इथून सुरू होतात.

महिलांना दहा लेन हव्यात: सहा बिनपिशवी, चार पिशवीच्या. ताशी ४,५६० जातात आणि पहिल्या चेंडूला बाहेर साधारण ४४० उरतात. लेनमागे दोन महिला पोलीस किंवा महिला सुरक्षारक्षक म्हणजे २०. उन्हात एकसारखी चाचपणी करणाऱ्याचे लक्ष पाऊण तासानंतर उडते, म्हणून दर तीन माणसांमागे एक बदली धरली तर २७. झडतीला तिन्ही बाजूंनी आडोसा हवा. तो कापडाचा असला तरी वारा लागून उडणार नाही असा बांधलेला असावा. अंगावर पिणारे बाळ, मधुमेहाच्या रुग्णाचे इंजेक्शन, सॅनिटरी पॅड यांबाबत काय करायचे ते कार्डावर आधी लिहून द्यावे. गेटवर वाद घालायला लावू नये.

पुरुषांच्या २६ लेन धरून एकूण झडतीला ७२ आणि बदलीसह ९६ माणसे लागतात. दुहेरी झडतीत याच ९६ जणांना दोन ठिकाणी पळवले जाणार होते.

हेल्मेट, पॉवर बँक, नाणी

नागपूरचा प्रेक्षक मोठ्या संख्येने दुचाकीवर येतो आणि हेल्मेट हातात घेऊन गेटवर पोचतो. आत हेल्मेट चालत नाही, कारण फेकता येते. गाडी एक-दीड किलोमीटर मागे लावलेली असते. मग माणूस गेटवरच अडून बसतो, ‘भाऊ, आता हे ठेवू कुठे?’ एकेका लेनमध्ये अशी दोन माणसे अडली की मागे पन्नास थांबतात.

सामान ठेवण्याचे काउंटर वाहनतळातच हवेत, गेटवर नव्हे. शेवटच्या लोंढ्यातील १५ टक्के लोक काहीतरी ठेवायला आणतील असे धरले तर ३,९०० माणसे, म्हणजे ताशी २,६००. एका नगाला २० सेकंद, काउंटरमागे ताशी १८०, म्हणून १५ काउंटर. टोकनचे दोन भाग, एक सामानाला, एक माणसाला. रात्री परत देताना वेळ जास्त लागतो, कारण सगळे एकदम येतात. क्रमांकानुसार मांडणी नसेल तर तिथेच गर्दी होते. जप्त पॉवर बँक उन्हात पोत्यात ढीग करून ठेवू नयेत. लिथियमच्या बॅटऱ्या दबून आणि तापून पेट घेतात. सावलीत, पत्र्याच्या उथळ पेट्यांत, वाळूची बादली जवळ ठेवून त्या ठेवाव्यात.

पाण्याच्या बाटलीवरची बंदी आम्हाला मान्य आहे. ५ ऑक्टोबर २०१५ ला कटकच्या ट्वेंटी-२० सामन्यात मैदानात बाटल्या पडल्या आणि खेळ थांबवावा लागला. पण बाटली काढून घेतली की पाणी पाजण्याची जबाबदारी काढून घेणाऱ्यावर येते. ४०,००० लोकांना दिवसभरात माणशी दीड लिटर म्हणजे ६०,००० लिटर. ते स्टँडच्या मागे, नळाला, कागदी पेल्यासह आणि फुकट मिळाले पाहिजे. बाहेरच्या रांगेतही टँकर हवा. विदर्भाच्या उन्हात तासभर उभा राहिलेला माणूस भोवळ येऊन पडतो आणि दाट रांगेत पडलेल्या माणसावर मागचा पडतो. पाण्याचा टँकर हा सुरक्षेच्या खर्चातच धरावा.

तिकीट आधी, झडती नंतर

क्रम उलटा ठेवला की बिनतिकिटाच्या माणसाचीही झडती होते आणि तो गेटवर येऊन अडतो. पहिली फळी गेटपासून निदान दीडशे मीटर अलीकडे असावी. तिथे फक्त तिकीट पाहायचे, स्पर्श नाही. बिनतिकिटाचा माणूस तिथून बाजूच्या वाटेने परत जाईल अशी मोकळी वाट ठेवायची. परत जायला वाट नसली की तो पुढेच रेटतो. दुसरी फळी झडतीची, तिसरी तिकीट स्कॅन करण्याची.

हजारो मोबाइल एका जागी आले की नेटवर्क कोलमडते आणि क्यूआर उघडत नाही. तिकीट आदल्या दिवशीच मोबाइलमध्ये उतरवून घेण्याची सूचना आणि प्रत्येक स्कॅनरमध्ये यादी साठवलेली, या दोन्ही गोष्टी हव्यात. यादी स्कॅनरमध्ये साठवली की आणखी एक घोळ होतो. एकाच तिकिटाचे दोन फोटो घेऊन दोघे दोन वेगळ्या गेटने आत जाऊ शकतात. प्रत्येक तिकीट एकाच गेटला बांधलेले असेल आणि त्या गेटचे स्कॅनर एकमेकांशी स्थानिक जोडणीने बोलत असतील तर हे होत नाही. ऑनलाइन तिकीट दाखवून कागदी तिकीट घ्यायची खिडकी सामन्याच्या दिवशी स्टेडियमजवळ ठेवू नये. २२ सप्टेंबर २०२२ ला हैदराबादेत जिमखाना मैदानावर तिकीट खिडकीच्याच गर्दीत लोक जखमी झाले होते.

मग धमकीचे काय करायचे?

धमकी गंभीरपणे घ्यायचीच, पण तिचे उत्तर प्रेक्षकाच्या खिशात नसते. १७ एप्रिल २०१० ला चिन्नास्वामी स्टेडियमवर सामन्याआधी स्फोट झाले ते बाहेरच्या भिंतीपाशी. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसच्या स्ताद दे फ्रान्सबाहेर आत्मघाती हल्लेखोर आले आणि आत पोचू शकले नाहीत. २२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनात हल्ला झाला तो कार्यक्रम सुटल्यावर, दाराबाहेरच्या दालनात, आणि २२ जण गेले. ३ मार्च २००९ ला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघाची बस रस्त्यात गाठली. गेट चुकवून गर्दी किंवा संघ बाहेर गाठायचा, हाच यातला समान धागा.

त्यानुसार मेल आल्यावर वाढवायचे ते हे. आदल्या संध्याकाळी बीडीडीएस म्हणजे बॉम्ब शोधक व नाशक पथकाची घातपातविरोधी तपासणी, ज्यात बाहेरची भिंत, नाल्या, कचराकुंड्या, जनरेटरची खोली, छतावरच्या टाक्या आणि वाहनतळ आलेच पाहिजेत. श्वानांना सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर कामाला लावायचे, कारण भर उन्हात त्यांची एकाग्रता लवकर ढळते. एक भाग तपासला की सील, आणि सील केलेल्या भागात जाणाऱ्याची नोंद. खाद्यपदार्थ, बर्फ, जाहिरातीचे फलक, प्रक्षेपणाचे साहित्य आणणाऱ्या गाड्या रात्री ठरलेल्या वेळेपर्यंतच आत येतील. गॅस सिलिंडर मोजून आणि एकाच जागी. केटरिंगची मुले, सफाई कामगार, मंडपवाले यांचे ओळखपत्र फोटोसह आणि विभागाच्या रंगाचे. तिकिटवाल्याची तीन ठिकाणी छाननी आणि टेम्पोतून आलेल्या पन्नास जणांना ‘आपलेच आहेत’ म्हणून सोडणे, हा नेहमीचा विरोधाभास आहे.

जामठा हे शहराबाहेर, नागपूर-हैदराबाद महामार्गावर असल्याने बाहेरचे कडे करायला जागा मिळते. जड वाहने आधीच वळवायची. गेटसमोरच्या जमावात वाहन घुसू नये म्हणून वाळूने भरलेले ट्रक किंवा काँक्रीटचे अडथळे तिरपे लावायचे. पत्र्याचे बॅरिकेड गाडी अडवत नाही. जामठ्यातच राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे आणि मिहान या उद्योगांच्या वसाहतीत एम्स रुग्णालय. तिथे जाणाऱ्या रुग्णवाहिकेला सामन्याच्या दिवशी एक मार्गिका पूर्ण मोकळी हवी. त्या मार्गिकेत व्हीआयपी गाडीही उभी राहता कामा नये.

आत बसलेल्यांसाठी

आत शस्त्रधारी माणसे कमी आणि मार्शल, म्हणजे प्रेक्षकांवर लक्ष ठेवून त्यांना वाट दाखवणारी माणसे, जास्त असावेत. ग्रीन गाइडमध्ये दर २५० प्रेक्षकांमागे एक मार्शल हे किमान प्रमाण आहे. ४०,००० ला १६०, शिवाय जिने आणि दारे यांसाठी वेगळे. त्यांचे तोंड प्रेक्षकांकडे असावे, खेळपट्टीकडे नव्हे. सुरक्षारक्षक एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा अभिकरण कायद्यानुसार परवाना हवा. आदल्या दिवशी चौकातून गोळा केलेल्या मुलांना टी-शर्ट देऊन उभे केले की ती सामना पाहत बसतात आणि आपले दार कोणते हेही त्यांना सांगता येत नाही.

अश्रुधूर स्टँडमध्ये कधीही नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातील कंजुरुहान स्टेडियममध्ये स्टँडवर अश्रुधूर सोडला गेला, लोक अरुंद आणि बंद दारांकडे धावले आणि १३५ जण गेले. लाठी उगारण्याबाबतही हीच शिस्त हवी. गोवारींच्या मोर्च्याचे शहर असलेल्या नागपूरला हे दुसऱ्याकडून शिकायची गरज नसावी. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जाळी असेल तर तिला मैदानाकडे उघडणारी फाटके हवीत, कुलूप नको, आणि प्रत्येक फाटकावर एक माणूस शेवटच्या चेंडूपर्यंत. एखादा चाहता मैदानात पळत आला तर दोन मिनिटे खेळ थांबतो. तेवढी किंमत परवडते.

सुटण्याची वेळ

सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात, जिन्यावरून ६६. ४०,००० लोकांना आठ मिनिटांत स्टँडबाहेर काढायचे तर सपाट दारांची एकूण रुंदी ६१ मीटर हवी, सगळे जिन्याने येणार असतील तर ७६. एक तृतीयांश दारे ‘फुकटे शिरतात’ म्हणून बाहेरून कुलूपबंद असली की आठाची बारा मिनिटे होतात. आग किंवा अफवा असेल तर ही चार मिनिटे फार महाग पडतात. फुकट्यांवर उपाय आहे: आतून दाबपट्टीने उघडणारे आणि बाहेरून न उघडणारे दार. ते बसवले नसेल तर किल्ली दारापाशीच उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात. कंट्रोल रूमच्या फळ्यावर टांगलेली किल्ली उपयोगाची नाही.

आठ मिनिटांचे गणित स्टँडपुरतेच आहे. खरी कोंडी पुढे होते. खापरी मेट्रो स्थानक स्टेडियमपासून काही किलोमीटर अलीकडे आहे. दहा मिनिटांनी एक तीन डब्यांची गाडी आणि तिच्यात ढोबळमानाने ८०० माणसे धरली तर तिला भरायला दर दहा मिनिटांनी १३-१४ बस लागतात. मेट्रोची वेळ वाढवली आणि बस चारच ठेवल्या की लोक अंधारात महामार्गाच्या कडेने चालू लागतात.

सामना उशिरा संपण्याचीही तयारी हवी. २३ सप्टेंबर २०२२ ला जामठ्यात भारत-ऑस्ट्रेलिया ट्वेंटी-२० सामना ओल्या मैदानामुळे सातऐवजी साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. अशा दिवशी मेट्रो, बस, पाणी, खाणे आणि पोलिसांची पाळी हे सगळे अडीच तास पुढे सरकते. तासाभराने घोषणा आणि ‘पुढची पाहणी इतक्या वाजता’ एवढे स्पष्ट सांगितले तरी लोक शांत बसतात.

माणसे आणि पैसा

डिसेंबरात सामना आला तर हिवाळी अधिवेशन चालू असते आणि शहर पोलीस, राज्य राखीव दल, होमगार्ड सगळे तिकडे गुंतलेले असतात. तारीख ठरवतानाच हे पाहावे. बंदोबस्ताचे शुल्क हा वेगळा वाद आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांचे दर घटवले तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. आमच्या मते तिकिटाच्या कमाईतून चालणाऱ्या सामन्याच्या आतल्या बंदोबस्ताचा पूर्ण खर्च आयोजकाने द्यावा. रस्त्यावरचा बंदोबस्त सरकारचा, कारण रस्ता सगळ्यांचा.

ठरलेल्या खुणा

निर्णय ऐन वेळी सुचत नाहीत, म्हणून ते आधी लिहून ठेवायचे. प्रत्येक गेटसमोर दर २५ मीटरवर रंगीत खांब. रांग दुसऱ्या खांबापलीकडे गेली की राखीव पथकातून दोन माणसे त्या लेनला. तिसऱ्या खांबापलीकडे गेली की पिशवीच्या चार लेन बिनपिशवी करायच्या आणि पिशवीवाल्यांना शेजारच्या गेटकडे वळवायचे. एक वाजता बाहेर ४,००० हून जास्त लोक दिसले तर सामनाधिकाऱ्यांना कळवून सुरुवात वीस मिनिटे पुढे ढकलायची, आणि ती घोषणा आतल्यापेक्षा बाहेरच्या भोंग्यावर आधी करायची, मराठीत आणि हिंदीत. हिल्सबरोला सामना वेळेवर सुरू झाला होता. हा निर्णय कोणी घ्यायचा त्या एका अधिकाऱ्याचे नाव आराखड्याच्या पहिल्या पानावर हवे आणि त्याची खुर्ची कंट्रोल रूममध्ये, व्हीआयपी कक्षात नाही.

शेवटचा चेंडू पडला की निम्मा बंदोबस्त मान्यवरांच्या ताफ्यामागे निघून जातो. मँचेस्टरचा हल्ला याच वेळेचा होता. बाहेरच्या कड्यावरची, वाहनतळातली आणि खापरीपर्यंतच्या रस्त्यावरची माणसे शेवटची बस सुटेपर्यंत जागेवर राहतील, असे हजेरीपत्रकावर वेळेसह लिहून घ्यायचे.